मागे न फिरणारी फौज

ईश्वरी नाईकवाडीची फौज एकदा पुढे निघाली की मागे फिरत नाही, ही गोष्ट कोरियापासून ब्राझीलपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त ईश्वरीला. आपल्या घराला कसला वास येतो ते आपल्याला कधी कळत नाही, पाहुण्याला दारातच कळतं, त्यातलीच ही गत. तिला ते कळलं खेळाच्या महासंघाच्या पुण्यातल्या कार्यालयात, डॉक्टर वासंती केळुसकरांच्या तोंडून, आणि कळल्यावर तिने आधी कपाळाला आठ्या घातल्या.

केळुसकरबाई राष्ट्रीय संघाच्या मुख्य विश्लेषक होत्या. गोड बोलून वेळ घालवणं त्यांना जमत नसे.

"तुमचे आजवरचे सगळे सामने आम्ही तपासले," त्या म्हणाल्या. "एकाही सामन्यात तुमच्या एकाही तुकडीने माघार घेतलेली नाही."

"मग ही चांगलीच गोष्ट झाली की, मॅडम."

"भाषणात चांगली. खेळात नाही. समोरच्याने तुमच्यापुढे थोडं पळायचं नाटक केलं, की तुमची तुकडी त्याच्यामागे जाते ती जातेच. इकडे तुमची कोठारं, विहिरी, गाव सगळं उघडं पडतं. देशात याचा फायदा घ्यायचं अजून कुणाला सुचलेलं नाही. बाहेर सुचलंय."

ज्या खेळाबद्दल हे चाललं होतं त्याचं नाव 'दक्षिणापथ'. दोन हजार वर्षांपूर्वीचं दख्खन, नाणेघाटातून कोकणात उतरणारे बैलांचे तांडे, प्रतिष्ठानची बाजारपेठ, शूर्पारकाचं बंदर. सुरुवातीला तुमच्या हाती एक वाडी, चार शेतं आणि एक विहीर. त्यातून गाव वसवायचं, विणकर बसवायचे, व्यापार वाढवायचा, फौज उभारायची आणि समोरच्याची राजधानी घ्यायची. बुद्धिबळात तुम्ही विचार करत असता तेव्हा समोरचा गप्प बसून असतो. इथे कुणी कुणासाठी थांबत नाही. तुम्ही विहीर खणत असता तेव्हाच तिकडे त्याचे घोडे निघालेले असतात. ईश्वरी कायम तगर हेच नगर घ्यायची, कारण तगर म्हणजे आजचं तेर, आणि तेर तिच्या धाराशिव जिल्ह्यातलं. जगाच्या नकाशावर आपलं तेर आहे, याचा तिला कोण अभिमान.

असले खेळ पूर्वीही होते. पण त्यातले सैनिक म्हणजे सोंगट्या. बोट ठेवलं तिथे जायचे, नाही ठेवलं तर मारलं जाईपर्यंत उभे राहायचे. मग 'अंतेवासी' आलं आणि चित्र पालटलं. जुन्या काळी गुरूच्या घरी राहून शिकणाऱ्याला अंतेवासी म्हणत, त्यावरून हे नाव. फौजेतल्या प्रत्येक नायकाला आता स्वतःची छोटी बुद्धी असते. ती हुकमांपेक्षा हुकूम देणाऱ्याकडे जास्त बघते. सेनापतीची नजर पटावर कुठे रेंगाळली, बोट कुठे अडखळलं, कुठल्या बातमीने त्याचा श्वास बदलला, हे सगळं ती टिपते आणि पुढचा हुकूम काय येणार याचा अंदाज बांधते. अंदाज पक्का वाटला की हुकमाची वाट न बघता कामाला लागते. पंगतीत आई नुसती एका पानाकडे बघते आणि मुलगी तिथे मीठ वाढून मोकळी होते, तसं.

अशी फौज तयार व्हायला वर्षं लागतात. खेळाडू म्हणायचे, फौज मुरली. ईश्वरीची फौज नऊ वर्षं मुरलेली होती. देशात तिच्या तोडीची दुसरी नव्हती. पण लोणच्यात आंबट कैरी मुरते तसं मीठ जास्त पडलं असेल तर तेही मुरतं. ईश्वरीच्या बोटांनी माघारीचा हुकूम कधी दिला नव्हता, म्हणून तिच्या नायकांच्या जगात 'मागे' नावाची दिशाच तयार झाली नव्हती.

"उपाय?" ईश्वरीने विचारलं.

"महासंघाने एक आदर्श फौज तयार केली आहे. जगातल्या उत्तम सामन्यांवर मुरवलेली, कुणा एकाची खोड नसलेली. तुम्ही ती घ्या. तुमचा हात आणि ती फौज, मग जागतिक स्पर्धेत आपल्याला तोड नाही."

"आणि माझी?"

केळुसकरबाईंनी पहिल्यांदाच नजर खाली वळवली. "एका खेळाडूच्या नावावर एकच फौज, हा जागतिक नियम आहे. जुनी पुसावी लागते."

ईश्वरीच्या फौजेत आठ नायिका होत्या, आणि आठांनाही तिने नावं दिली होती. शबाना, कोमल, पूनम, पल्लवी, तेजश्री, भाग्यश्री, स्नेहल, अश्विनी. ती काही हवेतून आणलेली नावं नव्हती. धाराशिवच्या शाळेच्या खो-खो संघात तिच्याबरोबर खेळलेल्या त्या आठ मुली होत्या. आठ बसलेल्या, आणि नववी पळणारी ईश्वरी स्वतः.

"नाही पुसणार," ती म्हणाली.

"मग सिद्ध करा. पुढच्या महिन्यात निवड-सामना ठेवते. आदर्श फौज निहाल गद्रे चालवेल. तुम्ही जिंकलात तर तुमची फौज जाईल. हरलात तर पुसायची, आणि त्यावर वाद नाही."

हा व्यवहार रोखठोक होता, त्यामुळे ईश्वरीला तो पसंत पडला. तिने हो म्हटलं, आणि जिना उतरता उतरताच आपण काय कबूल करून बसलो ते तिच्या ध्यानात आलं.

*

खोड कुठून आली हे तिला सांगायला विश्लेषक नको होता. खो-खोत पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत तिला उलटं फिरता येत नाही. फिरली की फाऊल. लहानपणी अंगात भिनलेला नियम तिच्या बोटांत उतरला होता आणि बोटांतून फौजेत.

तो नियम तिच्या अंगात भिनवला तांबारे सरांनी. धाराशिवच्या शाळेतले क्रीडाशिक्षक. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुली राज्यभर नाव काढून आल्या, पण सरांनी कुणाला तोंडावर 'शाबास' म्हटल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. फार खूश झाले तर म्हणायचे, "बरं पळलीस." ईश्वरी त्यांची सगळ्यात तेज मुलगी. राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिचा गुडघा गेला आणि खेळ सुटला. तेव्हा सर म्हणाले होते, नवीन पोरींना शिकवायला ये. ती गेली नाही. मैदानाकडे बघवत नव्हतं, म्हणून ती पडद्याकडे बघायला लागली आणि त्यातच मोठी झाली. सरांना ते लागलं. लग्नकार्यात भेटले तर "बरी हायस का?" एवढंच विचारायचे.

आता तीच बाई मांडीएवढा घडीचा पडदा काखेत मारून भर दुपारी मैदानावर उभी राहिली, तेव्हा सरांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वाट चुकलीस व्हय?"

"तुमच्याकडंच आलेय, सर."

तिने लिंबाखालच्या ओट्यावर पडदा उघडला आणि सगळं सांगितलं. सर या खेळाला आजवर 'बोटांचा चाळा' म्हणत आले होते. पण पडद्यावर हत्तीशेजारी उभ्या नायिकेच्या डोक्यावर 'शबाना' हे नाव वाचून ते वाकले. मग त्यांनी दुसरं नाव वाचलं, तिसरं वाचलं. आठही वाचून झाल्यावर टोपी काढून घाम पुसला.

"ही पूनम विहिरीजवळ का बसलीय?"

"पूनम मैदानात पण सगळ्यात मागं बसायची ना, सर. म्हणून तिला राखणीला ठेवते."

"आन् ह्या मागं फिरत न्हाईत म्हणून ती पुण्याची बाई नाराज हाय?" सर हसायलाच लागले. "फाऊल करत न्हाईत म्हणून? काय लोक हायेत."

हसून झाल्यावर मात्र त्यांनी तिचं म्हणणं मनावर घेतलं. "शिकव की मग मागं फिरायला. त्यात काय अवघड हाय?"

अवघड होतं. रोज सराव संपला की दोघं ओट्यावर बसायची आणि ईश्वरी माघारीचे हुकूम द्यायची. नायिका हुकूम पाळायच्या, पण अडखळत. नऊ वर्षं जी गोष्ट हिने केली नाही ती आज का करतेय, हा पेच त्यांना पडे. त्या पेचात पुढेही धड जात नसत, मागेही धड येत नसत. जी फौज नजरेवर चालायची ती आता हुकमालाही उशीर करू लागली. ईश्वरी गावातल्या पोरांशी सराव-सामने खेळली आणि हरली.

"पुन्हा," सर म्हणायचे. "शंभरदा केलं की येतंय."

"येत नाही, सर. त्या माझं बघून शिकतात. आणि माझ्याच हातात नाही ते."

"मग तुझ्यात आण."

"पंधरा वर्षांचा नियम एका महिन्यात जाईल का?" ईश्वरी वैतागून म्हणाली. "तुम्हीच घातलाय तो माझ्यात."

सर चिडले. एरवी मैदानावर शिट्टीवर भागवणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज चढला. "मी मागं फिरू नको म्हणलो, तेवढंच ध्यानात ठेवलंस. दुसरं काय शिकवलं ते इसरलीस. त्या फायनलला गुडघा दुखलालता, मला दिसलालता. शबाना तुझ्याफुडंच बसलीती, पाठमोरी. तिला खो द्यायचा सोडून तू पळतच ऱ्हायलीस. का? तर तुला वाटलं, माझ्याबिगर कुणी गडी मारणार न्हाई. आन् नंतर मैदान सोडलंस, तवा बी कुणाला खो दिला न्हाईस. नुसतीच गेलीस."

इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर पडलं. ईश्वरीला राग आला, मग रडू आलं, आणि मग, नाक पुसता पुसता, तिला पडद्यावरची पूनम दिसली. विहिरीजवळ, मागच्या वाटेकडे तोंड करून बसलेली.

पूनमला मागे फिरायची गरजच नव्हती. ती मागेच तोंड करून बसलेली होती.

खो-खोत आठ जणी बसतात त्या एकीआड एक, उलटसुलट तोंडं करून. पळणारीला उलटं फिरता येत नाही हे खरं, पण तिने उलट्या तोंडाने बसलेलीला खो दिला की पाठलाग उलट्या दिशेने सुरू होतो. फिरतं कुणीच नाही, खेळ मात्र फिरतो. ईश्वरीच्या आठजणीही तशाच बसल्या होत्या, चौघी सीमेकडे, चौघी गावाकडे. तिने नकळत त्यांना मैदानातल्यासारखं मांडलं होतं. एवढंच की नऊ वर्षांत तिने एकीलाही खो दिला नव्हता. सगळे हुकूम तीच देत आली होती.

"सर," ती म्हणाली, "या खेळात सेनापत्य दुसऱ्याकडं सोपवता येतं. कुणी सोपवत नाही. नायकाला अख्खी फौज दिली की तो आपल्या सेनापतीची फिकी नक्कल करतो, असं म्हणतात."

"तुझ्या शबानाला तुझी नक्कल करता येतीया का?"

"नाही," ईश्वरी सावकाश म्हणाली. "शबानाने कायम घाट बघितलाय, पूनमने कायम विहीर. प्रत्येकीने दुसरंच काही बघितलंय."

"मग दे की खो."

तिने दिला. म्हणजे देऊन बघितला. शबानाला सेनापत्य दिलं आणि पुढच्याच क्षणी काढून घेतलं, कारण शबानाने घोडे भलत्याच वाटेने काढले होते. पुन्हा दिलं, पुन्हा काढून घेतलं. बोटं आपोआप कळांकडे धावायची. शेवटी सरांनी शाळेसमोरच्या हॉटेलातून चहा मागवला आणि कडेपर्यंत भरलेला एकेक पेला तिच्या दोन्ही हातांत दिला.

"सांडायचा न्हाई," म्हणाले. "आन् बघ आता."

चटके सोसत ईश्वरीने बघितलं. शबानाची भलती वाट ओढ्याच्या पात्रातून जात होती आणि शत्रूच्या टेहळणीच्या बुरुजावरून दिसत नव्हती. ती वाट ईश्वरीला माहीतच नव्हती. शबाना मात्र वर्षानुवर्षं त्या घाटावर बसून होती.

दुसरी अडचण जास्त टोचणारी निघाली. जिच्या हाती सेनापत्य जाई ती ते सोडत नसे. आपल्याला जमत नाही हे दिसत असतानाही शेवटपर्यंत एकटीच लढायची. ही खोड कुणाची, हे सरांनी तोंडाने सांगितलं नाही, नुसतं ईश्वरीकडे बघितलं. मग ती रोज संध्याकाळपर्यंत एकच गोष्ट करत बसली. आपण पुढे असताना, जिंकत असताना, मोह होत असताना, सोडून द्यायचं. कोमलला दे, पूनमला दे, पल्लवीला दे. अंतेवासी बुद्धी हुकूम शिकत नाही, माणूस शिकते. माणूस बदलायला लागलं तशा त्याही बदलल्या. एके दिवशी तेजश्रीने कुणी न सांगता सेनापत्य स्नेहलकडे दिलं, आणि ईश्वरी ओट्यावरून इतक्या जोरात उठली की गुडघा कळवळला.

*

निवड-सामन्याला पुण्याच्या क्रीडासंकुलात बरीच गर्दी झाली. तांबारे सर एसटीने आले, पहिल्या रांगेत बसले आणि आवाज मोठा आहे म्हणून शेजाऱ्याकडे तक्रार करू लागले. निहाल गद्रे काचेपलीकडे बसला होता. चोविशीतला पोरगा, हात विजेसारखा, वागायला मात्र शालीन. "ताई, तुमचे सामने बघून शिकलोय मी," तो आधीच येऊन सांगून गेला होता, आणि ते खरंच होतं, म्हणून तर भीती.

पट नाणेघाटाचा पडला. वर देश, खाली कोकण, मधे घाटाची चिंचोळी वाट.

सुरुवातीला निहालने ठरल्याप्रमाणे सगळं केलं. तगरच्या सीमेवर घोडदळाची एक तुकडी आणली, दोन बाण टाकले आणि पळ काढला. ईश्वरीची आघाडी त्यांच्यामागे निघाली, आणि प्रेक्षागृहात जाणकारांनी सुस्कारे टाकले. तुकडी घाट उतरून कोकणात शिरली. त्याच वेळी निहालची मुख्य फौज, हत्तींसकट, जंगलातून बाहेर पडली आणि उघड्या तगरकडे चालू लागली. केळुसकरबाईंनी हाताची घडी घातली. त्यांना जे होणार ते दिसत होतं, आणि त्यांना त्याचा आनंद झाला नव्हता.

ईश्वरीने आघाडीला परत बोलावलं नाही. तिने सेनापत्य पूनमकडे दिलं आणि हात मांडीवर ठेवले.

विहिरीजवळ बसलेली पूनम उठली. तिने गावातले बैल सोडले, धान्याच्या गाड्या वाटेत आडव्या लावल्या आणि हत्तींची वाट ओढ्याकडे वळवली. निहालच्या फौजेने लगेच डाव ओळखला, कारण आदर्श फौजेचं बळ त्यातच होतं. समोरचा सेनापती कसा विचार करतो हे ती चार चालींत शिकायची आणि पाचवी चाल त्याच्याआधी खेळायची. पूनमची पाचवी चाल तिने हेरली. पण ती चाल पूनमने खेळलीच नाही. तोवर पूनमने खो दिला होता शबानाला, आणि शबाना पूनमसारखा विचार करत नव्हती. शबानाला वाचेपर्यंत सेनापत्य कोमलकडे गेलं. कोमलकडून पल्लवीकडे. पाठलाग एकदा उत्तरेला, एकदा दक्षिणेला, आणि वळत मात्र कुणीच नव्हतं.

एका माणसाला वाचायला बनवलेलं यंत्र आठ जणींना वाचू लागलं आणि गोंधळलं. त्याचे हत्ती ओढ्यात थांबले. निहालने स्वतः हुकूम द्यायला सुरुवात केली, आणि पोरगा झकास लढला, पण एक माणूस आठ दिशांना किती धावणार? घाटाखाली गेलेली तुकडी, जी सगळ्यांनी गेली म्हणून सोडून दिली होती, ती पुढेच जात राहिली आणि निहालची राजधानी असलेल्या बंदरापाशी पोचली. ते बंदर सांभाळायला तिथे कुणी नव्हतं. त्या तुकडीच्या नायिकेने, भाग्यश्रीने, ते घेतलं तेव्हा ईश्वरीचे हात मांडीवरच होते. आपला ऊर एवढा भरून आला आहे हे कुणाला दिसू नये म्हणून ती पडद्याकडे एकटक बघत बसली.

सामना संपला तेव्हा लोक उभे राहिले. तांबारे सर बसूनच होते. त्यांचे ओठ हलत होते. ते खो मोजत होते.

*

"तुमची फौज जाणार," केळुसकरबाई म्हणाल्या. "मी हरले, आणि हरल्याचा मला आनंद आहे. असा खेळ जगात कुणी बघितलेला नाही." मग त्या थांबल्या. "पण एक गोष्ट तुम्हाला सांगितलीच पाहिजे. लपवली तर मी माझ्या कामाशी बेइमानी केली असं होईल."

खोलीत निहाल होता, सरही होते. बाईंनी सामन्याचा एक तुकडा पुन्हा लावला. सेनापत्य तेजश्रीकडून अश्विनीकडे जाताना मधे एक किंचितसा थांबा दिसत होता.

"हा थांबा बघा. जेव्हा जेव्हा तुम्ही एखादीकडे बघता, ती थांबते. तुमच्या मनात काय आहे ते आधी बघते, मगच निघते. नऊ वर्षांची सवय आहे ती. तुमची नजर दुसरीकडे असते तेव्हा थांबा नसतो. निहालशी जमलं, कारण तो गोंधळला. जागतिक अंतिम सामन्यात एवढा वेळ कुणी देणार नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "खेळाडूच्या आसनावर कुणीतरी माणूस बसावा लागतो, मग फौज त्याच्या नावावर नसली तरी चालते. पण ज्याच्या नजरेसाठी त्या थांबणार नाहीत, असा माणूस बसला तर त्या जिंकतील. फौज तुमच्या नावावर आहे, ईश्वरीताई. तुम्ही गेलात तर मी आनंदाने पाठवेन. ठरवायचं तुम्हीच."

निहाल घाईने म्हणाला, "ताई, मी मागितलेलं नाही हे."

"माहितेय रे."

ईश्वरी खिडकीपाशी गेली. पुसली जाऊ नये म्हणून जिच्यासाठी ती महिनाभर झगडली ती फौज वाचली होती, आणि आता त्या फौजेलाच ईश्वरीची गरज उरली नव्हती. हे तिला झोंबलं. झोंबायलाच हवं होतं. जागतिक स्पर्धेच्या आसनाचं स्वप्न तिने काही एकदा बघितलेलं नव्हतं.

"सर," तिने विचारलं, "तुम्ही इतक्या पोरी तयार केल्या. सामन्यात तुम्हाला कधी वाटलं नाही, आपण आत शिरावं म्हणून?"

"दर सामन्याला वाटतंय."

"मग?"

"मास्तरनं रेषेच्या आत पाय टाकायचा न्हाई. नियम हाय." सरांनी टोपी सारखी केली. "आन् खरं सांगू का? बाहेरून जास्त चांगलं दिसतंय."

ईश्वरी आसनावर जाऊन बसली. तिने फौज उघडली आणि आठही जणींकडे एकेक करून बघितलं, घाई न करता. प्रत्येक नायिका थांबली, तिच्या मनात काय आहे ते बघत राहिली. तिथे नक्की काय दिसलं असेल कोण जाणे. बुद्धी छोटी होती, पण नऊ वर्षं तिने दुसरं काही वाचलं नव्हतं. मग ईश्वरी उठली आणि निहालला खुणेने बसायला सांगितलं.

"काय करू मी?" त्याने विचारलं.

"काही नाही. त्या मागतील तेव्हा सेनापत्य दे, आणि दिलंस की काढून घेऊ नकोस. फार हात शिवशिवले तर दोन्ही हातांत चहाचा पेला धर."

ती पडद्याकडे पाठ करून उभी राहिली. क्षणभर काहीच झालं नाही. मग मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, टापा वाजल्या, आणि निहाल हळूच म्हणाला, "निघाल्या, ताई. मी काहीच केलं नाही, आपोआपच निघाल्या."

ईश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुःखाचं आहे असं कुणी म्हटलं असतं तर तिने त्याला झोडपून काढलं असतं.

"ताई, एक विचारायचं राहिलं," निहाल म्हणाला. "तिथे सामन्याआधी फौजेची ओळख करून द्यावी लागते, सगळ्या जगासमोर. कुणाची फौज म्हणून सांगू? नाईकवाडींची?"

"नको," ईश्वरी म्हणाली. "म्हणावं, धाराशिवच्या तांबारे सरांच्या मुली आहेत. आठही."

सर दाराकडे निघाले होते ते थबकले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, तो नाकावर ठेवला आणि पुन्हा काढून पुसला.

"आठ न्हाईत," ते म्हणाले. "त्याला नीट सांग. नऊ हायेत."